कुठला एफपीजीए घेऊ, दादा? : आधी सिग्नलचा रस्ता बघा

(ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.)

आज आवाज जरा वेगळा येईल, कारण मी सुट्टीला मलकापूरला घरी आलोय आणि वरच्या खोलीत, गाद्यांच्या ढिगाशेजारी बसून रेकॉर्ड करतोय. मध्येच मालगाडीचा भोंगा आला तर समजून घ्या. हावडा लाइन आहे, ती आपल्यासाठी थांबत नाही.

आजचा भाग एका प्रश्नावर आहे. एका श्रोत्याने व्हॉइस मेसेज पाठवला. मुलगा इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, आपल्याच भागातला. म्हणतो, "दादा, फायनल इयरला हायस्पीड सिग्नल प्रोसेसिंगचा प्रोजेक्ट करायचाय. एफएमच्या सगळ्या स्टेशनांचं स्पेक्ट्रम एकाच वेळी स्क्रीनवर दाखवायचं. बजेट दहा-बारा हजार, तेही बाबांनी कपाशीच्या पैशातून द्यायचं कबूल केलंय. कुठला एफपीजीए घेऊ? जास्तीत जास्त लॉजिक सेल असलेला घेतला तर चालेल ना?"

या शेवटच्या वाक्यासाठी मी हा भाग करतोय. कारण हेच वाक्य मी सहा वर्षांपूर्वी बोललो होतो आणि ते मला महागात पडलं. मला म्हणजे, माझ्यापेक्षा दुसऱ्या एका माणसाला.

आधी नवीन श्रोत्यांसाठी दोन मिनिटं. एफपीजीए म्हणजे काय? तुमच्या फोनमधला प्रोसेसर हा एक हुशार कामगार आहे. त्याला कामांची यादी द्या, तो एकामागून एक करत जातो, पण फार वेगाने. एफपीजीए तसा नाही. तो म्हणजे भुसावळचं यार्ड समजा, पण रूळ अजून टाकलेले नाहीत. रूळ कुठून कुठे जायचे, सांधे कुठे बदलायचे, हे तुम्ही ठरवता. एकदा टाकलेत की एकाच वेळी पन्नास गाड्या पन्नास रुळांवरून धावतात. काम बदललं तर रूळ उचलून पुन्हा टाकता येतात. १९८५ साली झायलिंक्स कंपनीने एक्ससी२०६४ नावाची चिप आणली, तिथून हा प्रकार बाजारात रुळला. तिच्यात लॉजिकचे फक्त ६४ ठोकळे होते. आज विद्यार्थ्यांच्या बोर्डावरच्या चिपमध्येही हजारो असतात. झायलिंक्स २०२२ पासून एएमडीची आहे, त्यामुळे दुकानात एएमडी लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका.

आता माझी गोष्ट.

मी तेव्हा पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. आम्ही डाळ मिलसाठी सॉर्टिंगची मशीनं करायचो, ज्याला आपल्याकडे सगळे सरसकट सॉर्टेक्स म्हणतात. वरून डाळ घसरत येते, कॅमेरा एकेक दाणा बघतो, काळा किंवा टरफलाचा दाणा दिसला की खालच्या नोझलमधून हवेचा फटका बसतो आणि तो दाणा बाजूला उडतो. कॅमेऱ्यासमोरून नोझलपर्यंत पडायला दाण्याला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात निर्णय झाला पाहिजे. आमच्या कॅमेऱ्याची एक ओळ २,०४८ ठिपक्यांची आणि सेकंदाला १५,००० ओळी. म्हणजे एका कॅमेऱ्यातून सेकंदाला तीन कोटींवर ठिपके. साधा कॉम्प्युटर मध्येच दुसऱ्या कामात गुंतला तर दाणा निघून गेलेला असतो. म्हणून एफपीजीए.

चिप निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी काय केलं? आमचं डिझाइन किती लॉजिक खातं ते बघितलं. चाळीस टक्के. वा! मग त्याच चिपचं लहान पॅकेज घेऊ, पिना कमी, पैसे कमी. साहेब खूश. चिप आली, बोर्ड छापून झाला.

नंतर गिऱ्हाइकांनी मागणी केली की दाणा दोन्ही बाजूंनी बघा, मागूनही एक कॅमेरा लावा. लॉजिकला जागा होतीच. डेटाच्या पिनाही कशाबशा पुरल्या. पण कॅमेरा डेटाबरोबर स्वतःचा क्लॉक पाठवतो, आणि एफपीजीएमध्ये क्लॉक आत घ्यायला काही ठरावीक पिना असतात. तिथून क्लॉकसाठी खास वेगळे रस्ते जातात. त्या पिना लहान पॅकेजमध्ये मोजक्याच होत्या आणि संपल्या होत्या. मी दुसऱ्या कॅमेऱ्याचा क्लॉक साध्या पिनेवर घेतला.

सॉफ्टवेअरने एरर दिली. बरं, ते सॉफ्टवेअर इतकं सभ्य आहे की एररखालीच सांगतं, तुम्हाला हे चालणार असेल तर ही एक ओळ लिहा, मी गप्प बसतो. मी ती ओळ लिहिली. गप्प बसलं. पुण्याच्या एसी लॅबमध्ये मशीन चार दिवस सलग चाललं, एकही चूक नाही.

ते मशीन लागलं कुठे, तर मलकापूरला. आमच्याच गावातल्या मिलमध्ये. मालक काका माझ्या वडिलांच्या ओळखीचे. दुसऱ्या कंपनीचं मशीन बघून ठेवलं होतं त्यांनी, पण "आपल्या गावचा पोरगा बनवते" म्हणून आमचं घेतलं.

मे महिना. बाहेर ४४ अंश. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. "काहून रे बाबू, दुपारी दोन वाजले की तुझं मशीन आंधळं होते." मला वाटलं लेन्सवर धूळ बसली असेल. रात्रीच्या गाडीने आलो. सकाळी मशीन उत्तम. अकरा वाजता उत्तम. दोनच्या सुमाराला मागच्या कॅमेऱ्याच्या चित्रात मीठ सांडल्यासारखे ठिपके यायला लागले. मशीनला प्रत्येक ठिपका खराब दाणा वाटायचा. धडाधड हवा सुटत होती आणि चांगली, पिवळीधमक तुरीची डाळ कचऱ्याच्या पोत्यात जात होती. मी पेटीचं झाकण उघडून टेबल फॅन लावला. पाच मिनिटांत चित्र स्वच्छ. फॅन बंद केला, पुन्हा मीठ.

कारण असं. त्या कॅमेऱ्याच्या तारेवर एक बिट साधारण १.७ नॅनोसेकंद टिकतो. तेवढ्या वेळात प्रकाश अर्धा मीटर जातो. त्या बिटाच्या बरोबर मध्यावर क्लॉकने टिचकी मारली पाहिजे. माझा क्लॉक हमरस्ता सोडून गल्लीबोळांतून चालला होता. चिप तापली की त्या गल्ल्यांमधला उशीर वाढायचा आणि टिचकी बिटाच्या कडेवर पडायची. एसीमध्ये ती कड लांब होती, मलकापूरच्या दुपारी ती आली जवळ.

नवीन बोर्ड येईपर्यंत काकांची दुपारची पाळी बंद राहिली, ऐन हंगामात. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. वडील मात्र त्यानंतर बरेच दिवस मिलच्या रस्त्याने न जाता मागून फिरून जायचे. मला हे आईकडून कळलं.

तर मित्रा, लॉजिक माझ्याकडे साठ टक्के शिल्लक होतं. कमी पडली एक पिन. म्हणून चिप निवडताना लॉजिकचा आकडा शेवटी बघायचा. आधी सिग्नल कुठून येतो, आत त्याचं काय होतं, कुठून बाहेर जातो, हा रस्ता कागदावर काढायचा आणि त्यात सगळ्यात अरुंद जागा कुठली ते शोधायचं. चिप त्या जागेसाठी घ्यायची.

हे मोठ्या प्रमाणावर कसं करतात, त्याचं आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद नावाचं गाव आहे. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या रेडिओ खगोलवाल्यांनी उभी केलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मधल्या भागात जवळजवळ, बाकी १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर पसरलेल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असतं. जमलं तर जाऊन या, मी गेलो होतो.

पूर्वी ही दुर्बीण एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा बघायची. नंतर तिचं नूतनीकरण झालं आणि हा पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. आता हिशेब करा. ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा पकडायचा तर सेकंदाला कमीत कमी त्याच्या दुप्पट, म्हणजे ८० कोटी सॅम्पल घ्यावे लागतात. प्रत्येक तबकडीचे दोन ध्रुवीकरणांचे दोन सिग्नल, म्हणजे ३० तबकड्यांचे ६० सिग्नल. साठ गुणिले ८० कोटी, म्हणजे सेकंदाला ४,८०० कोटी सॅम्पल.

यासाठी त्यांनी वापरला रोच नावाचा बोर्ड. रोच म्हणजे झुरळ, हो, तेच. अमेरिकेत बर्कलीला सुरू झालेल्या कॅस्पर या गटाने रेडिओ खगोलशास्त्रासाठी केलेला खुला बोर्ड. आता गंमत बघा. या एकाच बोर्डावर दोनपैकी एक चिप बसवता येते. दोन्ही व्हर्टेक्स-५ घराण्यातल्या. एक एलएक्स११०टी, दुसरी एसएक्स९५टी. लॉजिक सेल बघितले तर पहिलीत सुमारे १,१०,००० आणि दुसरीत सुमारे ९४,०००. आपल्या श्रोत्याच्या नियमाने कुठली घ्यायची? पहिली. पण आत गुणाकाराचे तयार ठोकळे असतात, ज्यांना डीएसपी स्लाइस म्हणतात. ते पहिलीत ६४ आणि दुसरीत ६४०. दहापट! जीएमआरटीच्या रोच बोर्डांवर आहे ती दुसरी, एसएक्स९५टी.

डीएसपी स्लाइसने काय फरक पडतो ते एका सोप्या हिशेबात बघू. समजा ८० कोटी सॅम्पलच्या सिग्नलवर तुम्हाला ६४ टॅपचा फिल्टर लावायचाय. प्रत्येक सॅम्पलला ६४ गुणाकार, म्हणजे सेकंदाला ५,१२० कोटी गुणाकार. चिपचा क्लॉक धरू २०० मेगाहर्ट्झ. सॅम्पल येतात त्याच्या चौपट वेगाने, म्हणजे प्रत्येक टिचकीला चार सॅम्पल शेजारी-शेजारी, समांतर चालवावे लागणार. एक स्लाइस सेकंदाला २० कोटी गुणाकार करतो. भागाकार करा, २५६ स्लाइस लागले. फिल्टर दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर ती युक्ती वापरून निम्मे, १२८. एलएक्स११०टीकडे आहेत ६४. एसएक्स९५टीकडे ६४०, अर्ध्याहून जास्त शिल्लक. हे सगळं कागदावर पाच मिनिटांत कळतं, चिप विकत घ्यायच्या आधी.

आणि जीएमआरटीकडून शिकायची दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी एफपीजीएवर सगळं लादलं नाही. सिग्नल डिजिटल करायचा, त्याची पाकिटं करायची आणि १० गिगाबिटच्या नेटवर्कवर पाठवायची, हे एफपीजीए करतो. त्यापुढचं मोठं गणित, फूरिये ट्रान्सफॉर्म आणि तबकड्यांचे सिग्नल एकमेकांशी जोडून बघणं, हे ग्राफिक्स कार्डं करतात. तुम्ही गेम खेळता त्याच जातीची कार्डं, फक्त दणकट. त्यांचा प्रोग्रॅम लिहिणं आणि बदलणं सोपं पडतं. पण विजेच्या उच्च दाबाच्या तारांवर ठिणग्या उडतात ना, त्यांचा कडकडाट रेडिओ सिग्नलमध्ये येतो. तो काढायचा फिल्टर एफपीजीएवर आहे. कारण ठिणगी क्षणभराची असते. फूरियेच्या आधी ती पकडली तर थोडेच सॅम्पल खराब ठरतात. एकदा फूरियेतून गेली की ती सगळ्या फ्रीक्वेन्सींवर पसरते, मग वेचून काढता येत नाही. जे काम पूर्ण वेगाने, जागच्या जागी झालंच पाहिजे ते एफपीजीएला दिलं, बाकीचं दुसऱ्याला.

आता या मुलाच्या प्रोजेक्टकडे येऊ. हीच पद्धत, कागद-पेन घ्या.

पहिला प्रश्न, सिग्नल किती वेगाने येतो? एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे रुंदी २०. मिक्सरने तो खाली आणला तर कमीत कमी ४ कोटी सॅम्पल, थोडी मोकळीक ठेवून ५ कोटी. आता आर्टिक्स-७ च्या लोकप्रिय विद्यार्थी बोर्डांवर जी ३५टी चिप असते, तिच्या आत एडीसी असतो. तो वाचून पोरं खूश होतात. पण तो सेकंदाला १० लाख सॅम्पल घेतो. तुला हवेत ५ कोटी, पन्नासपट. म्हणजे बाहेरून वेगळा एडीसी लागणार. तुझी पहिली अरुंद जागा ही आहे, आणि तुझ्या बजेटमधला मोठा वाटा चिपला नाही, एडीसीला जाणार आहे. तो जोडायला बोर्डावर किती पिना मोकळ्या आहेत, त्या पिनांच्या बँकेला किती व्होल्ट आहेत, आणि एडीसीचा क्लॉक येईल ती पिन क्लॉकची आहे का, हे तीनदा तपास. हे कुणाच्या अनुभवातून सांगतोय ते तुला कळलंच असेल.

दुसरा प्रश्न, आत गुणाकार किती? १,०२४ बिंदूंचा फूरिये ट्रान्सफॉर्म, दहा टप्प्यांचा. प्रत्येक टप्प्याला तीन-चार गुणक धरले तर जास्तीत जास्त चाळीसेक. ३५टीमध्ये ९० स्लाइस आहेत. आरामात बसतं. तेच, स्वस्तातल्या टँग नॅनो ९के बोर्डावर २० गुणक आहेत. तिथे तुला तेच गुणक आलटून पालटून वापरावे लागतील. जमेल, पण डोकं जास्त लागेल.

तिसरा, साठवण किती? ३५टीच्या आत सुमारे १,८०० किलोबिट ब्लॉक रॅम आहे. १,०२४ बिंदूंना ती भरपूर. उद्या दहा लाख बिंदूंचा ट्रान्सफॉर्म हवा म्हणालास तर बाहेरची मेमरी आली आणि तिचा वेग हा नवीन प्रश्न झाला.

चौथा, बाहेर कसं जातं? इथे बहुतेक प्रोजेक्ट अडतात. स्क्रीनवर सेकंदाला ३० वेळा १,०२४ बिंदू, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे सुमारे ६१ किलोबाइट. पोरं सवयीने सिरियल पोर्ट १,१५,२०० वर ठेवतात. त्यातून सेकंदाला जातात साडेअकरा किलोबाइट. म्हणजे चित्र सेकंदाला पाचदा बदलेल. मग तू म्हणशील चिप स्लो आहे! चिप बिचारी रिकामी बसलीये, दार अरुंद आहे. वेग ९,२१,६०० कर, प्रश्न मिटला. पण सगळा कच्चा डेटा लॅपटॉपवर न्यायचा म्हणालास तर सेकंदाला १०० मेगाबाइट होतात. मग गिगाबिट इथरनेटचा बोर्ड लागेल.

पाचवा, उष्णता. डेटाशीटमध्ये साध्या ग्रेडला ० ते ८५ अंश लिहिलेलं असतं आणि इंडस्ट्रियलला उणे ४० ते १००. हे तापमान खोलीचं नाही, चिपच्या पोटातलं. आपल्याकडे मे महिन्यात बंद पेटीत ६० अंश सहज होतात. चिप अडीच वॅट खात असेल आणि दर वॅटला ८ अंश चढत असेल तर झाले ८०. काठावर. प्रोजेक्ट कॉलेजच्या टेबलावरच राहणार असेल तर चालेल. शेतात, मिलमध्ये जाणार असेल तर आत्ताच विचार कर, आणि हेअर ड्रायरने तापवून बघितल्याशिवाय चाललं म्हणू नको.

सहावा, सॉफ्टवेअर. स्वस्तात जुने स्पार्टन-६ चे बोर्ड मिळतात. चिप वाईट नाही, पण तिला आयएसई हे जुनं सॉफ्टवेअर लागतं, ज्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची. नवीन लॅपटॉपवर ते चालवण्यात तुझं अर्धं सेमिस्टर जाईल. आर्टिक्स-७ साठीचं विवाडो फुकट मिळतं, पण डाउनलोड कित्येक जीबींचं आहे. मोबाइलच्या डेटावर सुरू करू नको, कॉलेजच्या लॅबमधून उतरव.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. बोर्ड आज घेऊच नको. विवाडो उतरव, सगळं डिझाइन लिही, ३५टी चिप निवड आणि कंपाइल कर. किती स्लाइस लागले, किती रॅम लागली, ५० मेगाहर्ट्झला टायमिंग बसतं का, हे सॉफ्टवेअर तुला एक रुपया न घेता सांगतं. एडीसीच्या पिना मांडून बघ, लाल अक्षरं येतात का बघ. महिनाभर हे कर. मग जो बोर्ड लागेल तो घे. बाबांचे पैसे तोपर्यंत बाबांकडेच राहू दे.

आणि सॉफ्टवेअर म्हणालं, ही ओळ लिहा म्हणजे मी गप्प बसतो, तर लिहू नको. त्या दिवशी जे मी एसीमध्ये बसून ऐकलं नाही, ते मला दोन महिन्यांनी मिलमध्ये उभं राहून ऐकावं लागलं.

काल संध्याकाळी मी त्या मिलवर जाऊन आलो. मशीन चालू आहे, नवीन बोर्डावर, सहावा हंगाम. काकांनी चहा पाजला. निघताना म्हणाले, "बाबू, अजून एक घ्यायचं चाललं आहे, हरभऱ्यासाठी. तुमच्या कंपनीला सांगजो." मी आता त्या कंपनीत नाही, पण तिथे फोन करून निरोप दिला. आणि विचारलं, कुठलं पॅकेज वापरताय?

चला, थांबतो. आई जेवायला हाक मारतेय. तुमचे हिशेब करून मला व्हॉइस मेसेजने पाठवा. कागदावर काढलेल्या सिग्नलच्या रस्त्याचा फोटो पाठवलात तर अजून उत्तम. पुढच्या भागात एडीसी कसा निवडायचा ते बोलू. भेटू.